गोधडीची अवजारे : जळगाव ते धुळे

खान्देशची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. जळगावचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे; मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. पण त्याच खान्देशात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धुळ्याचा पारा सहा-सात अंशांवर, कधी त्याहूनही खाली उतरतो. म्हणून इथल्या प्रत्येक घरात गोधडी असतेच. हिवाळ्यात ती अंगावर असते, उन्हाळ्यात गच्चीवर अंगाखाली. मूल जन्मले की पहिली दुपटी आणि गोधडी जुन्या मऊ कपड्याचीच हवी, असा आग्रह घरातल्या मोठ्या बायका आजही धरतात.

यंदा जानेवारीत आम्ही दोघी जावा जळगावहून धुळ्याला गेलो त्या या गोधडीच्याच निमित्ताने. घरात जुन्या सुती साड्या, ओढण्या आणि लुंग्या साठल्या होत्या. धुळ्याच्या आमच्या नात्यातल्या एक खाला कित्येक वर्षांपासून गोधड्या शिवतात. त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी आधी कपडे आणायला सांगितलेच नाहीत. म्हणाल्या, "येताना सुया, सुती दोरा, मेण आणि अंगुस्तान घेऊन या. कपडा काय, घराघरात पडलेला असतो."

त्यामुळे आमचा प्रवास जळगावच्या फुले मार्केटपासून सुरू झाला. कापडाच्या दुकानांच्या रांगेत सुई-दोऱ्याची लहान दुकाने दडलेली असतात. सुईच्या पाकिटावर नंबर असतो. तो जितका मोठा, तितकी सुई बारीक. कुडत्याला काज करणारी सुई गोधडीला चालत नाही, ती चार थरांत शिरली की वाकते. गोधडीला जरा लांब, मजबूत आणि मोठ्या नेढ्याची सुई लागते, म्हणजे जाड दोरा ओवताना डोळे शिणत नाहीत. दाभण त्याहून जाड असते. ते पोती शिवायला आणि रुईच्या गादीला टाके घालायला, गोधडीला नव्हे. जुन्या विरलेल्या कापडात दाभण घातले तर भोक पडते आणि धुण्यात तिथूनच फाटते.

दोऱ्याचेही तसेच. दुकानदार चकचकीत पॉलिएस्टरचा दोरा पुढे करतो, कारण तो तुटत नाही. पण शिवणाऱ्या बायका सुती दोराच मागतात. त्यांचे म्हणणे असे की कापड जुने आणि दोरा त्याहून चिवट असला, तर दोरा टिकतो आणि कापड कापले जाते. दोरा कापडापेक्षा थोडा नरम हवा. टाका उसवला तर पुन्हा घालता येतो, कापड फाटले तर ठिगळ लावावे लागते.

अंगुस्तान मागितले तेव्हा दुकानदाराने एक धूळ बसलेला डबा काढला. "हल्ली कोणी विचारत नाही," तो म्हणाला. बोटाच्या टोकावर घालायची ही छोटीशी धातूची टोपी. तिच्यावर बारीक खड्डे असतात, म्हणजे सुईचे मागचे टोक घसरत नाही. शब्द फारसीतला आहे. अंगुश्त म्हणजे बोट. रजई आणि अस्तर हेही फारसीतून आले, लिहाफ अरबीतून. गोधडी आणि वाकळ मात्र इथल्याच मातीतल्या. फारुकी सुलतानांच्या काळात खान्देशची राजधानी बऱ्हाणपूर होती आणि तिथले विणकर दूरवर नावाजलेले होते. राज्ये गेली, पण शब्द शिवणाच्या डब्यात राहिले.

जळगाव ते धुळे हे अंतर ९० किलोमीटरच्या आसपास. पाळधी, एरंडोल, पारोळा असे करत एसटी जाते. १९०६ पर्यंत हे दोन्ही भाग एकाच खान्देश जिल्ह्यात होते. हंगामात या रस्त्यावर कापसाने भरलेल्या गाड्या जिनिंगकडे जाताना दिसतात आणि कडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकलेले असतात. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे १८७० च्या दशकात जळगावात कापडगिरणी उभी राहिली. उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर धुळे, मालेगाव, बऱ्हाणपूर या पट्ट्यात स्थिरावले. शेतात कापूस, गावात माग आणि घरात सुई, असा हा मुलूख. इथे गोधडी शिवायला कापड कधी कमी पडले नाही.

धुळ्यात उतरून आम्ही पाच कंदील भागातून पायी निघालो. खालांच्या घराच्या वाटेवर एका पिंजारी चाचांचे दुकान लागते. गोधडी आणि रजई यांतला फरक या दुकानात कळतो. गोधडीत थरावर थर कापडाचेच असतात. रजईत कापडाच्या दोन पडद्यांमध्ये रुई भरतात, आणि ती रुई आधी पिंजावी लागते. पूर्वी पिंजारी खांद्यावर पिंजण घेऊन गल्लोगल्ली फिरत. पिंजण म्हणजे माणसाएवढे मोठे लाकडी धनुष्य. त्याला जनावराच्या आतड्याची तात ताणून बसवलेली असते. डमरूच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्याने तातीवर ठोका मारला की ती थरथरते, रुईच्या गाठी सुटतात आणि कचरा खाली पडतो. तातीचा तो आवाज गल्लीत शिरला की बायका जुन्या गाद्या बाहेर काढत.

पिंजारी समाजातले पुष्कळ लोक स्वतःला मन्सुरी म्हणवतात. इ. स. ९२२ मध्ये बगदादमध्ये ज्यांना मृत्युदंड दिला गेला, त्या मन्सूर हल्लाज यांच्याशी ते आपले नाते सांगतात. हल्लाज या अरबी शब्दाचा अर्थच रुई पिंजणारा.

चाचांचे पिंजण आता भिंतीवर टांगलेले आहे. खाली विजेचे मशीन आहे: लोखंडी दातांचे फिरते पिंप, एका बाजूने गाठी टाकायच्या, दुसऱ्या बाजूने फुललेली रुई घ्यायची. दिवसभराचे काम तासाभरात होते. आम्हाला त्यात वाईट वाटण्याजोगे काही दिसले नाही. चाचांनी मात्र एक गोष्ट दाखवली. पिंजणाची रुई मोकळ्या अंगणात उडायची, मशीनची धूळ बंद खोलीत साचते. कापसाची ही बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की दम लागतो; गिरणी कामगारांचा हा जुना आजार आहे. चाचा तोंडाला ओला रुमाल बांधतात, पण त्यांच्याकडे कामाला असलेला पोरगा बांधत नाही. मशीन घेताना धूळ बाहेर ओढणारा पंखाही घ्यायचा ठरला होता. तो राहून गेला.

इथपासून आमच्या मनात एक विचार घोळू लागला. चांगले अवजार कोणते? काम लवकर करते ते, की करणाऱ्याचे शरीर राखते ते?

खालांच्या घरी त्याचे उत्तर मिळाले. खाला जमिनीवर सतरंजी अंथरून बसतात. कापड ताणून ठेवायला चार कोपऱ्यांवर चार विटा. विटांना जुन्या कापडाची खोळ शिवलेली. खुणा करायला खडू नाही, आंघोळीच्या साबणाची झिजून पातळ झालेली चकती. तिची रेघ गडद कापडावर स्पष्ट दिसते आणि पहिल्याच धुण्यात जाते. सांडलेल्या सुया उचलायला जुन्या रेडिओच्या स्पीकरमधले लोहचुंबक. काम सुरू करताना सुया मोजायच्या आणि संपल्यावर पुन्हा मोजायच्या, हा त्यांचा नियम; घरात रांगणारी पोरे आहेत. दोरा हातभरच घ्यायचा आणि मेणावरून एकदा ओढायचा, म्हणजे गुंता होत नाही. सुई अडू लागली की ती केसांतून फिरवायची, डोक्याचे तेल लागले की पुन्हा सरसर चालते.

त्यांच्या नातीने मोबाइलवर परदेशी बायकांचे गोल पात्याचे कटर पाहिले होते. चाकासारखे फिरणारे हे पाते १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने काढले आणि तुकडे जोडण्याच्या कामात त्याने मोठा बदल केला. चार-सहा थर एकदम सरळ कापले जातात. त्याला खाली खास चटई आणि जाड पट्टी लागते. खालांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, नवे कापड असेल तर कामाचे आहे. जुन्या साडीचा प्रत्येक तुकडा वेगळ्या ठिकाणी विरलेला असतो. तो हाताने चाचपून, उजेडात धरून कात्रीनेच कापावा लागतो. शिलाई मशीनला मात्र त्यांचा विरोध नाही. वरचे तुकडे जोडायला त्या मशीनच वापरतात. पाच-सहा थर एकत्र धरणारा धावदोरा तेवढा हाताने, कारण घरगुती मशीनवर थर सरकतात आणि गोधडी कडक होते.

दुपारी आम्ही कागद घेऊन हिशोब मांडला. गोधडी साडेसहा फूट लांब, साडेचार फूट रुंद. दोन ओळींत दीड इंचाचे अंतर ठेवले तर ३६ ओळी होतात. प्रत्येक ओळ ७८ इंचांची. इंचाला तीन टाके धरले तर एका गोधडीत सुमारे ८,४०० टाके पडतात. दोरा ओवणे, गाठ मारणे सगळे धरून मिनिटाला दहा टाके मानले, तरी नुसत्या धावदोऱ्याला १४ तास लागतात. ओळी जवळ घातल्या, पाऊण इंचावर, तर हे सगळे दुप्पट. कापणे, जोडणे आणि कडेची पट्टी वेगळीच.

आणि या ८,४०० वेळा सुई एकाच बोटाने ढकलायची. खालांनी आपले मधले बोट दाखवले. टोकाची कातडी इतकी निबर झाली आहे की तिथे गरम-गार कळत नाही. त्यांनी अंगुस्तान वापरायला सुरुवात केली ती फार उशिरा, कोणीतरी आणून दिल्यावर. शेजारच्या ज्या दोन मुली त्यांच्याकडे शिकतात, त्यांच्याकडे ते नव्हते. आम्ही नेलेली दोन्ही अंगुस्ताने खालांनी लगेच त्या मुलींच्या हातात ठेवली.

गोधडी शिवून घ्यायला येणारे लोक काय विचारतात, हेही आम्ही विचारले. खाला हसल्या. लोक म्हणतात, कपडा आमचाच आहे, मग तुम्ही पैसे कशाचे लावता? आता चौदा तासांचा हिशोब समोर होता. कपडा फुकट, दोरा थोड्या पैशांचा. गोधडीत जे महाग आहे ते बोट, पाठ आणि डोळे, आणि त्याचीच घासाघीस होते. ज्यांच्या घरात मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण लहानपणापासून ऐकवली जाते, त्या घरांतही होते. प्रेषित (स.) आपले कपडे स्वतः शिवत, असे हजरत आयशा (र.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये आहे, म्हणजे सुईचे काम हलके मानायला आपल्याकडे जागाच नाही.

तेव्हा वाचक भगिनींनो, पुढच्या थंडीसाठी गोधडी शिवायला टाकणार असाल तर गाठोडे बांधताना एवढे करा. कपडे सुतीच निवडा. नायलॉनच्या साड्या वेगळ्या काढा, त्या सरकतात आणि घाम शोषत नाहीत. कपडे धुऊन, हुक-बटणे काढून द्या. सोबत सुती दोऱ्याची रिळे, मेणाचा तुकडा आणि एक अंगुस्तान ठेवा. ओळी किती जवळ हव्यात ते आधी सांगा, त्यावरून तास मोजा आणि त्या तासांची मजुरी शिवणारीसमोर बसून ठरवा. दिवसा शिवता येईल इतकी मुदत द्या. ईदच्या आठ दिवस आधी घाई केली, तर त्या बाईला रात्री मिणमिणत्या दिव्याखाली डोळे फोडावे लागतात.

आमच्या दोन गोधड्या फेब्रुवारीअखेर तयार होतील असे खालांनी सांगितले. एक त्या स्वतः शिवतील, दुसरी त्या दोन मुली. मुलींच्या गोधडीचे टाके थोडे वाकडे येतील, चालेल का, असे त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, चालेल, आणि मजुरी दोन्हींची सारखीच.