होडी देहाच्या मापाची

डॉक्टरच्या हाती असलेले सर्वांत स्वस्त औषध म्हणजे 'नको' हा शब्द. जिना चढू नका, एकटे बाहेर पडू नका, पाण्यात उतरू नका. या औषधाला पैसे पडत नाहीत आणि घरच्यांनाही ते ऐकून हायसे वाटते. त्याचे दुष्परिणाम मात्र उशिरा दिसतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना मी विहिरीत पोहणे बंद करायला सांगितले होते. कारण रास्त होते. विहिरीच्या पायऱ्या निसरड्या होत्या आणि सरांचा तोल जाऊ लागला होता. सर त्यानंतर कधी पडले नाहीत. पण वर्षभरात ते घराबाहेर पडेनासे झाले. त्या पायऱ्यांना कठडा बसवता येईल का, हे मी विचारलेच नव्हते.

गेल्या वर्षी जुलै महिन्यात मी थोरल्या बहिणीकडे अमेरिकेत गेले, तेव्हा हे सर मला वारंवार आठवले. ताई आणि भावोजी सिएटल शहराजवळ राहतात. भावोजी मूळचे मालवणचे, आता ७१ वर्षांचे. नोकरीसाठी तिकडे गेले तरी पाण्याची ओढ सुटली नाही. गेली वीस वर्षे ते प्युजेट साउंड या समुद्राच्या आत शिरलेल्या विस्तीर्ण खाडीत कयाक वल्हवीत आले होते. आदल्या ऑक्टोबरात किनाऱ्याला लागल्यावर होडीतून उठताना त्यांचा दुखरा उजवा गुडघा लचकला, ते घोटाभर पाण्यात आडवे झाले आणि मनगटाचे हाड मोडले. हाड जुळून आले. होडी मात्र गॅरेजच्या भिंतीवर टांगली गेली ती तिथेच राहिली. भावोजी दिवसभर खुर्चीत बसू लागले, झोप उडाली, साखर वाढली. मी पोहोचले त्याच रात्री ताई म्हणाली, "तू डॉक्टर आहेस. तुझं तरी ऐकतील. ती होडी विकून टाका म्हणून सांग."

'नको' माझ्या ओठांवर आलेच होते. पण मी दुसऱ्या दिवशी त्यांना तपासले. रक्तदाब आटोक्यात होता, खांदे चांगले फिरत होते, तोलही ठीक होता. अडचण गुडघ्याची होती. पाय लांब सरळ करून आत सरकवणे आणि खोल बसून उठणे त्यांना अवघड जात होते. त्यांच्या तिथल्या डॉक्टरांनीही वल्हवण्याला मनाई केलेली नव्हती. म्हणजे माणूस पाण्याला अपात्र झाला नव्हता, त्या एका होडीला अपात्र झाला होता. मग होडी बदलून पाहायला काय हरकत, असे मी म्हणाले. ताई माझ्यावर दोन दिवस रुसली.

कयाक ही उत्तर ध्रुवाजवळच्या लोकांची होडी. ग्रीनलंडचे इन्युइट शिकारी लाकडाच्या किंवा हाडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. तिची मापे शरीरावरून घेतली जात. लांबी सुमारे तीन वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून होणाऱ्या अंतराच्या तिप्पट. रुंदी नितंबांच्या रुंदीत दोन मुठी मिळवून. अंगरखा शिवावा तशी ती होडी एकेका माणसासाठी घडत असे. देह बदलला की मापही बदलायचे, हे त्यातच आले. आपण मात्र चाळिशीतल्या मापाची वस्तू सत्तरीत वापरतो आणि जमेनासे झाले की दोष वयाला देतो.

तिथे विकत घेण्यापूर्वी होडी तळ्यात वल्हवून पाहता येते. लेक वॉशिंग्टनचे पाणी उन्हाळ्यात समुद्राच्या मानाने ऊबदार असते. आम्ही तिथे जुन्या होडीसह चार कयाका पाहिल्या. प्रत्येकीला मी चार प्रश्न विचारले. आत शिरता येते का? तासभर सुखाने बसता येते का? वाऱ्यात ती ऐकते का? आणि उलटली तर पुढे काय?

भावोजींची जुनी कयाक फायबरग्लासची, १७ फूट लांब आणि २२ इंच रुंद. लांब, निमुळती होडी पाणी कापीत सरळ जाते; ताशी पाच-सहा किलोमीटर सहज. हिचा तळ निमुळता असल्याने नवख्याला ती डुगडुगती वाटते, परंतु लाटेवर कलली तरी एका मर्यादेपर्यंत विश्वासाने टेकून राहते. रपाट चापट तळाच्या होडीचे याच्या उलट असते. ती शांत पाण्यात पाटासारखी स्थिर वाटते, पण लाट तिरपी झाली की तीही लाटेबरोबर तिरपी होते. तेव्हा तळ्यातल्या पहिल्या पाच मिनिटांत जी स्थिर वाटते तीच समुद्रात सुरक्षित, असे समजू नये. जुन्या होडीला चालीत तोड नव्हती. परंतु बसण्याचे तोंड लहान आणि गोल. मागच्या भागावर टेकून दोन्ही पाय एकदम सरळ आत सरकवायचे, आणि निघताना तेच उलटे करायचे. पहिल्याच प्रश्नाला ती नापास झाली.

दुसरी प्लास्टिकची, वर बसायची कयाक. तारकर्ली-देवबागच्या खाडीत पर्यटकांना मिळतात, त्याच जातीची. १२ फूट लांब, ३२ इंच रुंद. हिला पोटच नाही. खाटेवर टेकावे तसे बसायचे आणि पाय वर घ्यायचे. उलटली तर अडकण्याचे भय नाही, पोटावर झोपून पुन्हा वर चढता येते. आपल्याकडच्या कोमट, शांत पाण्यात ज्येष्ठांनी प्रथम हिचाच विचार करावा. पण ती मंद चालते, वारा तिला ढकलतो आणि अंग सतत भिजते. प्युजेट साउंडचे पाणी बहुतेक वर्षभर ८ ते १३ अंश सेल्सिअस असते. त्या पाण्यासाठी भावोजींना ती नको होती आणि मलाही पटली नाही.

थंड पाण्याचा धोका नीट समजून घ्यावा. माणूस गारठून मरतो तो तासाभराने; खरे संकट पहिल्या मिनिटाचे असते. अंगाला थंडगार पाणी लागताच श्वास आपोआप आत ओढला जातो, धाप लागते, नाडी आणि रक्तदाब उसळतात. त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असेल, किंवा हृदय आधीच दुबळे असेल, तर तेवढे पुरते. हे मिनिट निभावले तर पुढे साधारण दहा मिनिटे हात कामाचे राहतात. म्हणून लाइफ जॅकेट होडीत ठेवायचे नसते, अंगात घालायचे असते. आणि कपडे हवा पाहून नव्हे, पाणी पाहून निवडायचे असतात.

तिसरी दोघांची कयाक, २० फुटांहून लांब आणि ३० इंच रुंद. स्थिर आणि वेगवान. एक दमला तरी दुसरा वल्हवतो. वजन मात्र ४० किलोच्या घरात, आणि दोघांची वल्ही एका लयीत पडली नाहीत तर ती एकमेकांवर आपटतात. तिकडे लोक तिला गमतीने घटस्फोटाची होडी म्हणतात. ताई आणि भावोजी तीत अर्धा तास बसले. उतरल्यावर ताई एवढेच म्हणाली, "संसार झाला तेवढा पुरे."

चौथी साडेचौदा फूट लांब, २५ इंच रुंद. तिचे तोंड कुलपाच्या छिद्रासारखे लांबट, त्यामुळे आधी बूड टेकवून मग एकेक पाय आत घेता येतो. भावोजींचा दुखरा पाय दुसरा गेला आणि त्यांच्या चेहऱ्यावरची आठी उलगडली. बैठक मागेपुढे होणारी, मांड्यांखाली आधार देणारी. हा आधार महत्त्वाचा. तो नसेल तर मांडीमागचे स्नायू ताणले जातात, कंबर मागे कलते आणि अर्ध्या तासात पायांना मुंग्या येतात. घरी याची परीक्षा सोपी आहे. जमिनीवर पाय पसरून, पाठ ताठ ठेवून वीस मिनिटे बसून पाहावे.

वाऱ्याचा प्रश्न उरला. बाजूने वारा आला की बहुतेक कयाकांची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाऱ्याकडे वळू लागते. ते आवरण्यासाठी सतत एकाच बाजूने जोर लावावा लागतो आणि खांदा व मनगट त्याची किंमत देतात. जुन्या होडीला तळातून खाली सोडायचे एक स्थिर पाते होते. या नव्या होडीला पायांनी फिरणारे सुकाणू आहे. निष्णात लोक सुकाणूला थोडे हिणवतात. मोडलेल्या मनगटाच्या माणसाने हिणवू नये. वल्हेही आम्ही हलके, लांब आणि अरुंद पात्याचे घेतले. हात खांद्याच्या खाली ठेवून, दंडाऐवजी कमरेपासून वळत वल्हवले, की सांधे वाचतात.

भावोजींनी काही गमावले, हे मी लपवणार नाही. नवी होडी मंद आहे आणि सामानाला जागा कमी आहे. सॅन हुआन बेटांमधून तीन-तीन दिवस तंबू घेऊन केलेली भटकंती आता होणार नाही. जुनी होडी शेजारच्या तरुणाला दिली, त्या दिवशी ते तिच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवीत उभे होते. मी त्यांना अलेक्सांडर डोबा या पोलिश गृहस्थांची गोष्ट सांगितली. २०१७ साली, ७१ व्या वाढदिवसाला थोडे दिवस उरले असताना त्यांनी अटलांटिक महासागर कयाकने तिसऱ्यांदा ओलांडला. त्यांची ती होडी मुद्दाम बांधून घेतलेली, सुमारे सात मीटर लांब, एक मीटर रुंद, झोपायला खोली असलेली होती. साहस मोठे होते, म्हणून होडी रुंद होती. भावोजी हसले आणि म्हणाले, "मला अटलांटिक नको, समोरचा धक्का पुरे."

आम्ही काही नियम कागदावर लिहून फ्रिजवर लावले. एकट्याने जायचे नाही. किनाऱ्यालगत राहायचे. मधुमेह असल्याने ग्लुकोजच्या गोळ्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत जॅकेटलाच बांधायच्या. लघवीच्या भीतीने पाणी पिणे टाळायचे नाही. लघवीची गोळी चालू असेल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवायची. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी साधा मुका मारही दाखवून घ्यावा. हृदयविकार, झटके किंवा अलीकडची शस्त्रक्रिया असेल, तर आपल्या डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय पाण्यात उतरू नये. तेथे 'नको' हेच खरे औषध.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या रविवारी भावोजी सकाळी खाडीत उतरले. ताई पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभी होती. त्यांनी बूड टेकवले, डावा पाय घेतला, मग उजवा. तोवर ताईने होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. मालवणकडे होडीला बाजूने जे लाकूड जोडतात, त्याला उलांडी म्हणतात. ते होडीला अडवत नाही, फक्त उलटू देत नाही. ताईने कड सोडली तेव्हा तिच्या डोळ्यांत भीती होतीच. पाऊण तासाने भावोजी परत आले, तेव्हा ती तिथेच उभी होती, पाय गारठलेले. त्या दुपारी ते खुर्चीत नव्हे, अंथरुणावर झोपले, आणि गाढ झोपले.

आपल्यापैकी बहुतेकांनी कयाक पाहिलीही नसेल. पण हेच चार प्रश्न खुर्चीला, पलंगाला, न्हाणीघराला, सायकलला विचारता येतात. शिरता येते का, सुखाने बसता येते का, आपले ऐकते का, आणि पडलो तर पुढे काय? उत्तर चुकले तर आधी वस्तू बदलून पाहावी.

परत आल्यावर मी त्या शिक्षकांच्या घरी गेले. पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवावा असे त्यांच्या मुलाला सुचवले आणि आधी मी 'नको' म्हटले होते त्याबद्दल सरांची क्षमा मागितली. सर काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी काठी मागितली. कितीतरी महिन्यांनी ते अंगण ओलांडून, मुलाच्या हाताला धरून, कठड्याचे माप घ्यायला विहिरीपर्यंत चालत आले.