उठवत नाही, बसवत नाही

चिंता आणि नैराश्य एकाच वेळी सोसणाऱ्या माणसाला घरात दोन सल्ले मिळतात आणि ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध असतात. सकाळचे दहा वाजले तरी जो अंथरुणातून उठलेला नाही, त्याला आई म्हणते, "ऊठ रे, आंघोळ कर, जरा बाहेर पड, बरं वाटेल." रात्री दीड वाजता तोच मुलगा खोलीत येरझाऱ्या घालताना दिसला की तीच आई म्हणते, "शांत पड बघू. किती विचार करशील?" सल्ल्यात खोट नाही, मायाच आहे. पण सकाळी उठायला जे बळ लागतं ते अंगात नसतं आणि रात्री पडून राहायला जो निवांतपणा लागतो तो मनात नसतो. दिवसा उठवत नाही, रात्री बसवत नाही.

विजेच्या बिलाचंच बघा. बिलाचा मेसेज मोबाइलवर आलेला असतो. भरायला दोन मिनिटं लागतात, खात्यात पैसेही असतात. तरी हात उचलवत नाही, नंतर बघू असं म्हणत दिवस जातात. मग मुदत टळते आणि धास्ती सुरू होते: आता दंड लागेल, वीज तोडतील, वायरमन दारात येईल, शेजारी बघतील. छातीत धडधडायला लागतं, म्हणून मोबाइल हातात घेणंच नको वाटतं. तो पालथा घालून ठेवला जातो. बिलाबरोबर मित्राचे मिस्ड कॉल आणि ऑफिसचा निरोपही त्यात अडकून पडतो. संध्याकाळी मन पुन्हा खाली बसतं, कारण एवढंसं कामही आपल्याला जमत नाही याचा ताजा पुरावा हाती आलेला असतो. नैराश्याने जे काम टाकून दिलं, त्याचीच भीती चिंता दाखवते. आणि त्या भीतीने थकलेला माणूस पुढचंही काम टाकून देतो.

अमेरिकी लेखक अँड्र्यू सॉलोमन यांनी 'द नूनडे डीमन' या २००१च्या पुस्तकात आणि नंतरच्या व्याख्यानांत हा अनुभव फार बारकाईने मांडला आहे. घरी आल्यावर फोनच्या यंत्रावर मित्रांचे निरोप दिसले की आनंद व्हायच्या ऐवजी, एवढ्या सगळ्यांना आता उलट फोन करावे लागतील, याचाच भार वाटे. जेवायचं म्हटलं तरी अन्न काढायचं, कापायचं, चावायचं, गिळायचं, अशी एकेक पायरी डोंगराएवढी वाटे. हे झालं नैराश्य. त्यानंतर आली ती भीती, आणि कशाची भीती हेच कळेना. ठेच लागून तोल जातो आणि जमीन अंगावर येताना दिसते, तो अर्ध्या सेकंदाचा थरार आपल्याला सहा महिने वाटत राहिला, असं ते सांगतात. महिनाभराची उदासी कशीबशी काढता येईल, महिनाभराची तीव्र चिंता नाही, असाही त्यांचा निर्वाळा आहे. दोन्ही भोगलेल्या माणसाचं हे बोलणं लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे चिंतेला आजार मानायचीच तयारी नसते. काळजी कोणाला नसते, असं म्हणून ती उडवून लावली जाते.

'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'मध्ये डिसेंबर २०१९ मध्ये भारताविषयीचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१७ साली देशात ४ कोटी ५७ लाख लोकांना नैराश्याचे विकार होते आणि ४ कोटी ४९ लाख लोकांना चिंतेचे. दोन रकाने, जवळजवळ सारखे आकडे. पण एकच माणूस दोन्ही रकान्यांत असू शकतो, आणि पुष्कळदा असतोच.

असं का व्हावं, याचं थोडं उत्तर जुळ्यांच्या अभ्यासातून मिळतं. केनेथ केंडलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जुळ्या बहिणींचा अभ्यास केला आणि १९९२ साली निष्कर्ष मांडला: या दोन विकारांमागचा आनुवंशिक कल बहुतांशी एकच आहे, तो कोणाच्या बाबतीत चिंतेच्या रूपाने आणि कोणाच्या बाबतीत नैराश्याच्या रूपाने वर येईल, हे आयुष्यात काय घडतं त्यावर ठरतं. वैद्यकाच्या पुस्तकांनीही हळूहळू दार उघडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या वर्गीकरणात मिश्र चिंता-नैराश्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला, एफ ४१.२. दोन्हींची लक्षणं आहेत, पण वेगळं निदान करावं इतकं कोणतंच एक ठळक नाही, अशांसाठी तो आहे. यातून एक गैरसमज मात्र झाला. दोन्ही थोडं थोडं, म्हणजे एकूण त्रास सौम्यच, असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात थोडी झोपमोड, थोडी धडधड, थोडी मरगळ आणि थोडी नकोशी वाटणारी माणसं एकत्र आली की नोकरी सुटायला तेवढं पुरतं.

आणि दोन्ही ठळक असतील तर वाट आणखी अवघड. अमेरिकेत सुमारे चार हजार नैराश्यग्रस्तांवर 'स्टार-डी' हा उपचारांचा मोठा प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना नैराश्यासोबत लक्षणीय चिंता होती. पहिल्या औषधाने त्यांच्यातले कमी लोक पूर्ण बरे झाले, जे झाले त्यांना वेळ जास्त लागला, आणि औषधाचे दुष्परिणामही त्यांनाच अधिक जाणवले. आपलं मन कमकुवत आहे म्हणून आपल्याला गोळी लागू पडत नाही, असं मानून खचणाऱ्या प्रत्येकाला हे कोणीतरी सांगायला हवं.

बहुतेकांच्या बाबतीत चिंता आधी येते, उदासी मागून. मराठी वाचकाला हा क्रम ओळखीचा आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाची गात्रं गळतात, तोंडाला कोरड पडते, अंगावर काटा येतो, कातडीची आग होते, हातातलं गांडीव निसटतं, उभं राहवत नाही, मन गरगरतं. अध्याय संपतो तेव्हा तो धनुष्यबाण टाकून रथात बसलेला असतो. आधी थरथर आणि मग बसून जाणं. सातशेहून अधिक वर्षं ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या समाजाला ही लक्षणं अपरिचित म्हणता येणार नाहीत.

तरीही दवाखान्यात येणारा माणूस मनाबद्दल क्वचितच बोलतो. डोकं जड होतं, हातापायाला मुंग्या येतात, पित्त वाढलंय, झोप लागत नाही, असं तो सांगतो. गोव्यात 'संगाथ' या १९९६ साली सुरू झालेल्या संस्थेच्या संशोधकांनी, त्यांत मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल प्रमुख होते, या शारीरिक तक्रारींचा नीट माग घेतला. अंगावरून पांढरं जातं ही बायकांची नेहमीची तक्रार. तिच्यामागे जंतुसंसर्ग असणार असं गृहीत धरून गोळ्या दिल्या जातात. गोव्यातल्या पाहणीत या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा चिंता आणि नैराश्याशी अधिक घट्ट दिसला. बाई वर्षानुवर्षं डॉक्टर बदलत राहते आणि मूळ दुखण्याबद्दल तिला कोणी विचारतच नाही. घरात तिचं आजारपण दिसतही नाही, कारण पोळ्या होतात, डबे भरले जातात. गॅसचं बटण बंद केलं का हे बघायला ती पाच वेळा ओट्याशी जाते आणि दुपारी भिंतीकडे तोंड करून पडते, हे पाहायला त्या वेळी घरात कोणी नसतं.

याच गोव्यात झालेला 'मानस' प्रयोग या विषयातला फार महत्त्वाचा टप्पा आहे. त्याचे निष्कर्ष २०१०च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये आले. बारा सरकारी आरोग्य केंद्रं आणि बारा खासगी दवाखाने निवडले होते. चिंता वेगळी, नैराश्य वेगळं अशी विभागणी न करता दोन्ही एकत्र धरली, आणि हे फार शहाणपणाचं झालं. काही ठिकाणी डॉक्टरच्या जोडीला एक समुपदेशक नेमली. ती मानसोपचारतज्ज्ञ नव्हती. आरोग्यसेवेचा अनुभव नसलेली, खास प्रशिक्षण दिलेली स्थानिक पदवीधर बाई होती. ती रुग्णाशी बसून बोलायची. तुम्हाला होतंय ते खरं आहे, याला नाव आहे, हे बरं होतं, असं सांगायची. धडधड होत असेल तर श्वासाचा व्यायाम शिकवायची आणि मरगळ असेल तर दिवसाची छोटी आखणी करून द्यायची. त्रास मध्यम किंवा तीव्र असेल तर डॉक्टर औषध देत. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत समुपदेशक मिळालेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के लोक बरे झाले होते; नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण साडेबेचाळीस टक्के होतं. खासगी दवाखान्यांत मात्र दोन गटांत फरक पडला नाही. तिथे तोच डॉक्टर दर वेळी भेटतो, घरचं सगळं त्याला ठाऊक असतं. त्या ओळखीने काम आधीच केलेलं असावं.

घरातले ते दोन विरुद्ध सल्ले इथे एका टेबलावर आले. 'शांत हो' याचा अर्थ इथे असा, की आत्ता, या खुर्चीत, माझ्याबरोबर सावकाश दहा श्वास घ्या. 'ऊठ' याचा अर्थ, उद्या सकाळी चहा झाल्यावर दारातल्या तुळशीला पाणी घाला आणि पुढच्या खेपेला सांगा घातलं का ते. आज्ञेचं माप लहान झालं आणि शेजारी कोणीतरी बसलं, एवढ्यानेच तिचं ओझं हलकं होतं. पुढे गोव्यातच दहा आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९३ रुग्णांबरोबर अशा सहा ते आठ बैठकांचा प्रयोग झाला. मनाला उभारी आली की काम करू, असं म्हणत थांबायचं नाही. आधी छोटं काम, उभारी मागून येईल, हे त्याचं सूत्र. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतले ३९ टक्के. वर्षभरानंतरही फरक टिकून होता. विदर्भात, अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' प्रकल्पाने हेच काम गावपातळीवर नेलं. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी होरपळलेल्या या भागात नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षात ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. उरलेले तीनचतुर्थांश लोक तरीही बाहेरच राहिले, हेही त्याच आकड्यात दिसतं.

औषधांबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण घरोघरी सगळा गोंधळ इथेच होतो. 'डोक्याच्या गोळ्या' म्हणून एकाच पिशवीत दोन अगदी वेगळ्या गोष्टी टाकल्या जातात. एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं चिंतेवरही चालतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्यांची चटक लागत नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मात्र अर्ध्याएक तासात जीव शांत करतात आणि त्यांची सवय लागते. मिश्र त्रासाच्या माणसाची परीक्षा पहिल्या पंधरवड्यात असते: नैराश्यावरची गोळी सुरू केल्यावर सुरुवातीला बेचैनी कधी कधी वाढते. आधीच घाबरलेला माणूस म्हणतो, या गोळीनेच मला मारलं, आणि ती बंद करून झोपेच्या गोळीकडे वळतो. डोस कमी ठेवून सुरू करणं आणि हे आधीच सांगून ठेवणं, एवढं केलं तरी पुष्कळांची वाट मोडत नाही. पण ज्या ओपीडीत प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं येतात, तिथे हे सांगायला कोणाला सवड असते? गोळी बंद करायची तीही डॉक्टरच्या सल्ल्याने, हळूहळू. एकदम सोडली की चक्कर, झोपमोड, घालमेल सुरू होते आणि आजार उलटला असं वाटून घरादाराचा धीर सुटतो.

नैराश्याला चिंतेची जोड मिळाली की आत्महत्येचा धोका वाढतो. जगावंसं वाटत नाही, असं घरातलं कोणी बोललं तर ते नाटक समजू नये आणि त्याला एकटं सोडू नये. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक रात्रंदिवस चालतो आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. स्वतः नैराश्यातून वाट काढणारी जानकी त्यात एका खचलेल्या तरुणाला घरी आणते. त्याचं नाव, गाव, कारण यांचा ती पिच्छा पुरवत नाही. आपल्या घरांत नेमकं उलट होतं. "झालं तरी काय तुला? कमी काय आहे तुला?" या प्रश्नाला आजारी माणसाकडे उत्तर नसतं, आणि उत्तर नाही याचीच त्याला पुन्हा चिंता लागते. त्यापेक्षा "चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ" हे वाक्य कितीतरी सोपं, कारण त्याला उत्तर म्हणून नुसत्या चपला घातल्या तरी चालतात.

बरं होणं एका रेषेत होत नाही. झोप आधी परत येते, भूक मग. जुनी आवड परतायला महिने जातात, आणि उदासी ओसरल्यावरही धास्ती मागे रेंगाळते. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवायला डॉक्टर सांगतात ते याचसाठी. समुपदेशनाच्या शेवटच्या बैठकांत पुढची तयारी करून घेतली जाते: त्रास उलटतो तेव्हा तुमच्या बाबतीत पहिलं काय बिघडतं? कोणाला पहाटे चारला जाग येऊ लागते, कोणी फोन उचलायचं टाळतं, कोणाची दाढी राहते, कोणाची देवपूजा. घरच्यांसमोर हे कागदावर उतरवतात आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवतात. खाली डॉक्टरचा नंबर, ओपीडीचे वार आणि त्या दिवशी सोबत कोण येणार त्याचं नाव.