सावली हरवते ती वेळ

उज्जयिनीस येणारा यात्रेकरू महाकालाचे दर्शन घेतो, शिप्रेत स्नान करतो आणि परततो. वेधशाळेकडे पावले वळलीच तर दहा मिनिटांपुरती. जयपूरच्या सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेली ही वास्तू पुढे मोडकळीस आली. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार करविला. जिवाजी वेधशाळा हे तिचे आजचे नाव. घरात तेरा-चौदा वर्षांची मुले असतील तर मात्र येथे मुहूर्त पाहूनच यावे. तो मुहूर्त २१ जूनचा.

त्या दिवशी आम्ही मुलांसह शंकुयंत्रापाशी उभे होतो. एक वर्तुळाकार ओटा, मधोमध उभा शंकू आणि ओट्यावर आखलेल्या सात रेषा. सावलीचे टोक वर्षभर ज्या वाटांनी फिरते त्या ह्या रेषा. विषुवदिनाची तेवढी सरळ, बाकीच्या वाकलेल्या. २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीची सावली सर्वांत लांब पडते. २१ जूनला ती नाहीशी होते, असे मुलांनी वाचले होते.

बारा वाजले. सावली होतीच.

"बाबा, पुस्तकात चूक आहे," एकाने जाहीर केले. आम्ही मुद्दामच गप्प राहिलो. थोड्या वेळाने मोठ्या मुलीला आठवले की, आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची वेळ दाखवते आणि उज्जयिनी आहे पाऊणशेच्या किंचित पुढे, पावणेशहात्तरावर. अंशामागे चार मिनिटे. एका पाकिटाच्या पाठीवर गुणाकार झाला : सत्तावीस मिनिटे. पृथ्वीच्या असमान गतीमुळे पडणारी आणखी एक-दोन मिनिटे धरली, म्हणजे सुमारे बारा वाजून अठ्ठावीस मिनिटे.

ती सत्तावीस मिनिटे उन्हात काढणे सोपे नव्हते. पण कुणीही जागचे हलले नाही. सावली बोटाबोटाने शंकूच्या पायाशी गोळा होत गेली आणि ठरल्या वेळी दिसेनाशी झाली. मुलांच्या स्वतःच्या सावल्याही पायांखाली दडल्या. टाळ्या पडल्या त्या सावलीसाठी की गुणाकारासाठी, कोण जाणे!

खरे तर ती पूर्णपणे नाहीशी होत नाही. कर्कवृत्त येथून थोडे उत्तरेस असल्याने सूर्य त्या दिवशी अर्ध्या बिंबाएवढा उत्तरेकडे ओलांडून जातो. मीटरभर काठीची साडेचार मिलिमीटर सावली दक्षिणेस उरते. कडा धूसर असल्याने डोळ्यांना ती जाणवत नाही. कर्कवृत्तही एका जागी स्वस्थ नाही. दरवर्षी चौदा-पंधरा मीटर ते दक्षिणेकडे सरकते.

शेजारच्या नाडीवलय यंत्राला दोन तोंडे आहेत. सहा महिने उत्तरेकडच्या तोंडावर ऊन, सहा महिने दक्षिणेकडच्या. दोन्ही तोंडे एकदम क्वचितच उजळतात. ते पाहायला मार्च किंवा सप्टेंबरात, विषुवदिनाच्या आगेमागे, यावे.

जूनच्या अखेरीस आभाळ भरून येते, हा एक धोका खरा. ढगांनी घात केला तरी आगेमागे आठ-दहा दिवस सावली जवळजवळ तशीच नाहीशी होते. इंदूरकरांना तर घरच्या गच्चीवरच जूनच्या सहा-सात तारखेस आणि जुलैच्या पाच-सहा तारखेस हा प्रयोग करता येईल. हैदराबादेत तो मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. ग्वाल्हेरकरांच्या अंगणात मात्र सावली कधीच हरवत नाही. ऐन २१ जूनच्या माध्यान्हीही मीटरभर काठीची पाचेक सेंटिमीटर सावली उत्तरेस उरतेच. त्यांनी उज्जयिनीची गाडी धरावी.