तीस जानेवारीला नेमके काय आठवायचे?

तीस जानेवारीला अकराला एक मिनिट कमी असताना भोंगा वाजू लागतो, अकराला थांबतो आणि दोन मिनिटांनी पुन्हा वाजतो. मधल्या दोन मिनिटांत देशभर काम आणि हालचाल थांबवावी, असा केंद्र सरकारचा आदेश आहे. प्रत्यक्षात कचेरीत माणसे आपापल्या टेबलाजवळ उभी राहतात आणि खाली रस्त्यावर रिक्षा धावत असतात. ही तक्रार गृह मंत्रालयाने स्वतःच परिपत्रकात नोंदवली आहे : काही कार्यालयांत मौन पाळले जाते, पण सर्वसामान्य लोक प्रसंगाचे गांभीर्य न जाणता आपल्या व्यवहारात दंग असतात. यावरून हुतात्मा दिनाला अर्थ उरला नाही असे म्हणणे सोपे आहे, आणि खापर बहुधा तरुणांवर फुटते. मला हे निदान पटत नाही. काय आठवायचे ते स्पष्ट सांगायचे आपणच टाळत आलो, आणि म्हणून हा दिवस पोकळ झाला.

आदेशानुसार हे मौन स्वातंत्र्यलढ्यात प्राण वेचणाऱ्यांच्या स्मरणार्थ आहे. भावनेला नाव ठेवायला जागा नाही, पण तारखेशी तिचा मेळ बसत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र होऊन साडेपाच महिने झाले होते. दिल्लीच्या बिर्ला भवनात, संध्याकाळी पाचनंतर, प्रार्थनेला निघालेल्या ७८ वर्षांच्या गांधीजींवर गोळ्या झाडणारा कोणी गोरा शिपाई नव्हता. तो पुण्यातून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाचा संपादक होता. गांधीजींचा शेवटचा झगडाही इंग्रजांशी नव्हता. १३ ते १८ जानेवारी असे सहा दिवस ते उपाशी राहिले, ते दिल्लीतल्या हिंदू, शीख आणि मुसलमानांनी एकमेकांना जगू द्यावे म्हणून. त्यातच २० जानेवारीला प्रार्थनास्थळी बॉम्ब फुटला आणि त्यानंतर दहा दिवसांनी खून झाला. हे सारे ‘स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्मे’ या मोठ्या छत्राखाली सरकवले की मारणारा दिसेनासा होतो. कोणाचीच अडचण होत नाही, आणि ज्या स्मरणाने कोणाचीच अडचण होत नाही ते फार दिवस टिकत नाही.

दोन मिनिटांच्या मौनाची प्रथा ब्रिटनमध्ये १९१९ साली सुरू झाली. महायुद्ध थांबले ते ११ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता, म्हणून वेळही तीच. तिथे भाषणाची गरज नव्हती. बहुतेक गल्ल्यांतून कोणाचा तरी मुलगा गेला होता आणि मौनात उभ्या असलेल्या माणसाला तो ठाऊक होता. आपण मौन घेतले, अकराची वेळही बहुधा तिथूनच आली. पण त्या दोन मिनिटांत मनात काय असावे याची सोय केली नाही. आधी हकिकत कळलेली असेल तरच मौनाला वजन येते.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप महाराष्ट्रातूनच येईल, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. खुन्याची जात कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरे जळली. ज्यांचा या कटाशी सुतराम संबंध नव्हता अशी कुटुंबे एका रात्रीत उघड्यावर आली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ त्याच दिवसांवरची आहे. खुनाचा तपशील दरवर्षी उगाळला तर जातीची जुनी जखम पुन्हा चिघळेल, ही भीती म्हणूनच खोटी नाही. पण गप्प राहून तरी ती भरली का? ऑक्टोबर १९६४ मध्ये खुनाच्या खटल्यातले आरोपी शिक्षा भोगून सुटले आणि नोव्हेंबरात पुण्यात त्यांच्यासाठी सत्यविनायकाची पूजा झाली. तिथे ‘केसरी’च्या एका माजी संपादकांनी आपल्याला गांधीजींच्या खुनाचा बेत आधी ठाऊक होता असे जाहीरपणे सांगितले. त्यावर गदारोळ झाला, चौकशी आयोग नेमावा लागला आणि न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा अहवाल १९६९ साली आला. म्हणजे सोळा वर्षांनीही बंद दाराआड गोष्ट जिवंतच होती, फक्त चारचौघांत बोलली जात नव्हती. खून आणि जाळपोळ दोन्ही एकाच श्वासात सांगायला हवे : एका माणसाला त्याच्या मतासाठी मारले, आणि मग अनेकांची घरे त्यांच्या जातीसाठी जाळली. पहिले गाळून दुसरे सांगणारे आणि दुसरे गाळून पहिले सांगणारे, दोघेही आपल्याकडे मुबलक आहेत.

दुसरा आक्षेप : हा दिवस एकट्या गांधींचा का? नसावाच असे ज्यांना वाटते त्यांनी २३ मार्चकडे पाहावे. भगतसिंग, सुखदेव आणि खेडचे राजगुरू यांना कोणी, कुठे, का फाशी दिली हे शाळकरी पोरही सांगते. तो दिवस कोणी सरसकट करून टाकलेला नाही. हुतात्मा चौकाचेही तेच. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला तेव्हा मुख्यमंत्री कोण होते, हे मुंबईतली जुनी माणसे न विचारता सांगतात.

तीस जानेवारीचीच एक बाजू अजून कामात आहे, ती म्हणजे कुष्ठरोग निर्मूलन दिन. सेवाग्रामला परचुरेशास्त्री हे संस्कृतचे पंडित कुष्ठरोगाने ग्रासलेले आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केले. आजही या दिवशी ग्रामसभेत आरोग्य कर्मचारी सांगतात, की अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. इथे काय आठवायचे आणि काय करायचे, दोन्ही ठाऊक असते.

तसेच काहीतरी शाळांत करता येईल. उपोषण सुटावे म्हणून १८ जानेवारी १९४८ ला दिल्लीच्या पुढाऱ्यांनी एक लेखी हमी दिली. मेहरौलीच्या दर्ग्याचा उरूस नेहमीसारखा भरेल. सब्जीमंडी, करोलबाग, पहाडगंज इथे मुसलमान पूर्वीसारखे फिरतील. ताब्यात घेतलेल्या मशिदी परत मिळतील. आणि हे सारे पोलिस वा लष्कराच्या जोरावर नव्हे, स्वतःच्या प्रयत्नाने घडवू, असे त्यात आहे. आठवीच्या मुलांना ती सहज कळेल. शिक्षकांनी येत्या तीस जानेवारीला मौनाआधी ती वर्गात वाचून दाखवावी.