बॅड डिलिव्हरी

१९९३ साली पुणे शेअर बाजारातल्या एका दलालाकडे मी कारकून म्हणून लागलो. शेअर बाजार म्हटल्यावर आपण आता पैशाच्या जवळ बसणार, अशी माझी समजूत होती. बसलो तो टाचण्या, डिंकाची बाटली आणि शेअर ट्रान्स्फर स्टॅम्पांच्या जवळ. शंभर रुपयांच्या खरेदीला पन्नास पैशांचे स्टॅम्प. फॉर्म उलटा करायचा, चिकटवायचे, रद्द केल्याची रेघ मारायची. संध्याकाळी जिभेला डिंकाची चव असायची.

रिंगणातला गलका बाहेरच्यांना फार आकर्षक वाटे. तळवा आपल्याकडे वळवला की खरेदी, समोर धरला की विक्री, आणि तोंडाने भाव. पण भाव खरा फुटायचा तो मुंबईत. आमचे काही दलाल कानाला फोन लावून उभे असत आणि दोन शहरांच्या भावांतल्या चाराठ आण्यांवर संसार चालवत. पुण्याचा म्हणावा असा भाव फक्त लहान स्थानिक कंपन्यांना. त्यांचे शेअर इथे नोंदलेले असण्याचं कारण साधं होतं. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय ज्या भागात, तिथल्या प्रादेशिक बाजारात नोंदणी करणं तेव्हा सक्तीचं होतं. भागविक्रीला मागणी जास्त आली तर वाटप कसं करायचं तेही तिथेच ठरे, आणि भागविक्रीच्या एक टक्का रक्कम अनामत ठेवावी लागे. गुंतवणूकदारांच्या तक्रारी मिटल्याशिवाय ती परत मिळत नसे.

गलका थांबला की आमचं काम सुरू होई. सौदा म्हणजे नुसता शब्द. तो पुरा व्हायचा कागद आणि चेक यांची अदलाबदल झाल्यावर. प्रत्येक बाजाराचा सौदापूर्तीचा आठवडा वेगळा होता. त्यामुळे काही मंडळी एका बाजाराचा आठवडा संपत आला की सौदा उचलून दुसऱ्या बाजारात नेऊन ठेवत आणि पैसे न मोजता पुढचे काही दिवस काढत. पुण्याच्या उलाढालीत या पाहुण्या सौद्यांचा वाटा किती, हे सगळ्यांना अंदाजाने माहीत होतं. बोलत कोणी नसे.

एकदा शंभर शेअर्सचं प्रमाणपत्र माझ्या टेबलावर परत आलं. सोबत कंपनीच्या रजिस्ट्रारचा शेरा: सही जुळत नाही. ही बॅड डिलिव्हरी. विकणाऱ्याने कोऱ्या ट्रान्स्फर डीडवर सही करायची, एका साक्षीदाराने सही करायची आणि तो कागद हातोहात फिरत शेवटच्या खरेदीदारापर्यंत जायचा. त्याने नाव भरून कंपनीकडे पाठवला की मगच चूक कळणार, तीही दोन-तीन महिन्यांनी. मग कागद आला त्या वाटेने मागे. खरेदीदार, त्याचा दलाल, बाजाराचं क्लिअरिंग हाऊस, आम्ही. मुदतीत दुरुस्ती करून दिली नाही तर बाजार तेवढे शेअर लिलावात विकत घेणार आणि फरक आमच्या दलालाकडून वसूल करणार.

शेअर नारायण पेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकेचे. डीड त्यांचा भाचा घेऊन आला होता. साक्षीदार म्हणून खाली सही होती ती माझी. आजींना सही करताना मी पाहिलं नव्हतं. भाचा समोर उभा होता, घाई होती, केली सही. दिवसाला अशा दहा-वीस करायचो.

नवी डीड घेऊन त्यांच्या घरी गेलो. सही त्यांचीच होती. पण शेअर घेतले तेव्हा त्या शाळेत होत्या आणि आता हात कापत होता. "अरे, मी तीच आहे ना? मग सही दुसरी कशी म्हणतात?" मी समोर जुन्या चेकवरची सही धरली आणि त्यांनी, ज्यांनी शेकडो मुलांना अक्षर वळवायला शिकवलं असेल, त्यांनी स्वतःची सही पाहून गिरवली. चार डीड वाया गेल्या. पाचवीवर बँकेच्या व्यवस्थापकाने सही साक्षांकित केली आणि ते प्रकरण मुदत संपायला दोन दिवस असताना मिटलं. भाव दरम्यान चांगलाच वर गेला होता. लिलाव झाला असता तर फरक शेवटी आजींच्याच माथी बसला असता, माझ्या सहीला कोणी विचारलं नसतं.

शेअर बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीला १९९२ साली कायद्याने अधिकार मिळाले आणि त्याची झळ आमच्या कचेरीत पोचायला वेळ लागला नाही. दलालाला सेबीची नोंदणी, गिऱ्हाइकांचे पैसे वेगळ्या बँक खात्यात, बाजाराच्या संचालक मंडळात दलालांइतकेच बाहेरचे लोक, आणि वह्यांची तपासणी. तोवर बाजाराचा अध्यक्ष निवडणार दलाल आणि दलालाविरुद्धची तक्रार ऐकणार तेच, असा मामला होता. आमचे साहेब चिडत. "मुंबईचे बाबू आम्हाला धंदा शिकवणार!"

माझ्या मते सगळ्यात मोठा बदल मात्र एका ओळीचा होता. आधी गिऱ्हाइकाला सौद्यासाठी मिळणाऱ्या काँट्रॅक्ट नोटवर एकच आकडा असे, दलाली आत मुरवलेला. आता सौद्याचा भाव आणि दलाली वेगळी लिहायची, आणि दलाली अडीच टक्क्यांच्या वर नाही. आजींनी पुढे आणखी थोडे शेअर विकले. नवी नोट चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही किती घेत होतात?" मी चहाचा कप उचलला. दुसरं काय करणार!

पुढचं झपाट्याने झालं. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात समभागांचे व्यवहार सुरू झाले आणि पुण्यातल्या गच्च्यांवर व्ही-सॅटच्या छत्र्या दिसू लागल्या. स्क्रीनवर सगळ्या देशाचे खरेदीदार दिसत असताना रिंगणात कोण ओरडणार? १९९६ मध्ये शेअर कागदाऐवजी संगणकावर ठेवणारी डिपॉझिटरी आली, हळूहळू माझ्या टाचण्या गेल्या. जुलै २००१ मध्ये बदला, म्हणजे सौदा पुरा न करता पुढच्या आठवड्यात ओढायची पद्धत, बंद झाला आणि रोलिंग सौदापूर्ती आली, म्हणजे प्रत्येक दिवसाचे सौदे ठरलेल्या दिवसांत वेगळे पुरे करायचे. सगळीकडे एकच दिनक्रम झाल्यावर पाहुणे सौदे थांबले. प्रादेशिक नोंदणीची सक्तीही गेली, तशा मोठ्या कंपन्या निघाल्या. उरले ते दलाल बाजाराच्याच उपकंपनीमार्फत मुंबईच्या आणि राष्ट्रीय बाजारात सौदे करू लागले. म्हणजे दुकान आपलं, माल समोरच्या दुकानाचा.

३० मे २०१२ रोजी सेबीने परिपत्रक काढलं: स्वतःच्या मंचावर वर्षाला हजार कोटींची उलाढाल नसेल त्या बाजाराने मान्यता परत करून बाहेर पडावं, दोन वर्षांत जमलं नाही तर सक्तीने. १९८२ साली मान्यता मिळालेल्या पुणे शेअर बाजाराचा निर्गमन आदेश एप्रिल २०१५ मध्ये निघाला. नियमाप्रमाणे गुंतवणूकदार संरक्षण निधी सेबीच्या निधीत जायचा आणि कंपनीच्या नावातून 'स्टॉक एक्स्चेंज' हे शब्द काढायचे.

सेबीने बाजार मारला, असं जुने दलाल अजून म्हणतात. मला पटत नाही. कायद्याने कंपन्या इथे बांधून ठेवल्या होत्या आणि आठवड्यांच्या फरकाने सौदे येत होते. दोन्ही सुटल्यावर आदेशाला करायला फारसं काही राहिलं नव्हतं. वाईट वाटतं ते फक्त इथेच नोंदलेल्या लहान कंपन्यांच्या भागधारकांचं. त्यांच्यासाठी मोठ्या बाजारांनी डिसेमिनेशन बोर्ड उघडला, म्हणजे विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपला भाव लावून ठेवायची पाटी.

त्यातल्या एका कंपनीचे शंभर शेअर माझ्याकडे आहेत. २०१६ मध्ये मी भाव लावला होता. घेणारा आला नाही. आता कागदी शेअर डिमॅट केल्याशिवाय दुसऱ्याच्या नावावर होतच नाहीत. कपाटात प्रमाणपत्राखाली सहा कोऱ्या ट्रान्स्फर डीड आहेत, साक्षीदाराच्या जागेसकट.