झोळीतले पाय

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण ते दिसायला पाळण्याशी कुणीतरी बसलेलं असावं लागतं. गेले काही दिवस माझं मन या एका म्हणीपाशी अडून राहिलं आहे. घरात पाळणा असेल, तो हलवणारी आजी असेल, तिला दुपारची सवड असेल, तर पाय दिसणार आणि त्यावर चार कौतुकाचे शब्दही बोलले जाणार. आमच्याकडे निंदणाच्या दिवसांत बाळ आईबरोबर शेतात येतं. बांधावरच्या निंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधतात आणि आई तासाला लागते. झोळी दोन्हीकडून मिटून येते. बाहेरून नुसता फुगवटा दिसतो, पाय काही दिसत नाहीत. आई मधूनच मान वर करून झोळी हलते आहे एवढं पाहून घेते आणि पुन्हा खाली वाकते. ज्याने ही म्हण केली, त्याच्या डोळ्यांपुढे झोळी नसावी.

आमच्या शाळेत नववीच्या पालकांसाठी दर महिन्याला एक पत्रक निघतं, ते लिहायचं काम माझ्याकडे आहे. वरच्या अर्ध्या भागात घटक चाचणीचं वेळापत्रक, आधार कार्डावरच्या नावाच्या दुरुस्त्या, पालकसभेची तारीख. खालच्या अर्ध्यात ‘आमचे गुणवंत’. आठवीत एनएमएमएसची परीक्षा देऊन शिष्यवृत्ती मिळवलेली मुलं तिथे असतात. त्यांना नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात, आणि ज्या घरात ते येतात तिथे त्या रकमेचं मोल काय, हे मी पाहिलं आहे. इंटरमिजिएट चित्रकलेत ए श्रेणी घेतलेली मुलगी असते. दहावीला तिचे 7 गुण वाढतील. तालुक्याला कबड्डी जिंकून आलेला संघ असतो. ही नावं तिथे यायलाच हवीत. ती छापताना मला मनापासून आनंद होतो आणि तो मला गमवायचा नाही.

पण मागच्या पालकसभेत एका वडिलांनी पत्रक हातात घेतलं, उलटून मागची कोरी बाजू पाहिली, आणि हळूच विचारलं, “सर, आमच्या पोरीचं काई हाय का याच्यात?”

पुन्हा म्हणीकडेच येतो. सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यातलं. तिथे लखुजी जाधवांच्या वाड्यात जिजाऊंचा जन्म झाला, 12 जानेवारी 1598 रोजी असं मानतात. दर 12 जानेवारीला तिथे माणसांचा पूर लोटतो, आणि जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून नऊवारी नेसलेल्या लहानग्या जिजाऊ मिरवतात. तो पाळणा वाड्यातला होता, त्याच्याभोवती माणसं होती. तरी त्या पाळण्यात काय होतं, हे आपल्याला पुढच्या शहात्तर वर्षांवरून समजलं. 1674 मध्ये त्यांनी लेकाचा राज्याभिषेक पाहिला आणि काही दिवसांतच डोळे मिटले. तिथे उभं राहून मागे पाहिलं की पाळणासुद्धा उजळलेला दिसतो. कदाचित पाळण्यातले पाय नेहमी असे मागे वळूनच दिसत असतील. मग चौदा वर्षांच्या मुलांची नावं ‘गुणवंत’ या मथळ्याखाली लिहिताना मी नक्की काय पाहतो आहे?

पुढचं आधी कळावं ही ओढ आमच्या जिल्ह्यात जुनीच आहे. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचं गाव आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घटमांडणी होते. गहू, ज्वारी, तूर, सरकी, जवस, करडी अशी अठरा धान्यं गोल मांडतात. मधे खड्डा, त्यात मातीची चार ढेकळं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यावर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, सांडोई, कुरडई, आणि पानसुपारी. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातली मंडळी जाऊन काय हललं, काय भिजलं ते पाहतात आणि वर्षाचं पाऊसपाणी सांगतात. परंपरा साडेतीनशे वर्षांची आहे असं सांगतात. ऐकायला दूरदूरचे शेतकरी उजाडायच्या आत येऊन थांबलेले असतात. याला शास्त्राचा आधार नाही, असं अंधश्रद्धा निर्मूलनवाले सांगत आले आहेत, आणि मी विज्ञान शिकवतो, मलाही तसंच वाटतं. दाणा वाऱ्याने हलतो, मुंगी ओढते.

तरीही त्या मांडणीतल्या दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. एक म्हणजे तिथलं भाकीत एका वर्षापुरतं असतं. पुढच्या तृतीयेला घट नव्याने मांडतात, आणि मागच्या वर्षी काय निघालं होतं त्याचं ओझं दाण्यावर राहत नाही. दुसरी म्हणजे त्या गोलात अठराही धान्यांना जागा असते. जिल्हा कधीचा सोयाबीन आणि कपाशीकडे वळला. जवस, करडी आता किती जण पेरतात? तरी त्यांची मूठ चुकत नाही. कुणीतरी वाकून प्रत्येक ढिगाकडे पाहतंच.

अक्षय्य तृतीयेनंतर काही आठवड्यांत दहावीचा निकाल लागतो. मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली त्याला बरीच वर्षं झाली, पण चौकातल्या फ्लेक्सवर ती यादी जिवंत आहे. तिथे वाकून बघायची वेळ कुणावर येत नाही. मग पत्रकातही सगळ्या मुलांना जागा द्यावी का? हा विचार मला इतका आवडला होता, की मी तसा कागदही आखला. पण भेंडवळला प्रत्येक धान्याचं बरंवाईट दोन्ही सांगतात. मुलांबद्दल मला वाईट सांगायचं नाही, आणि सगळ्यांबद्दल काहीतरी बरं शोधून लिहिलं, तर त्या वडिलांना त्यातलं ओढूनताणून आणलेलं लगेच कळेल.

त्यांच्या मुलीबद्दल ओढूनताणून आणावं लागणार नाही. दिवाळीनंतर कापूस फुटला की ती वर्गात दिसत नाही. परत येते तेव्हा नखांच्या कडा फाटलेल्या असतात. वाळल्या बोंडाची टोकं बोटांत शिरतात. पेन धरताना मधलं बोट ती बाजूला ठेवते. बुडालेले धडे मैत्रिणींच्या वह्यांतून उतरवून काढते आणि ज्या दिवशी ती वर्गात नव्हती, त्या तारखा समासात घालते.

हे मी ‘गुणवंत’खाली लिहू का? शिक्षणहक्काचा कायदा चौदा वर्षांपर्यंत, आठवीपर्यंत सोबत करतो. नववीत तिला शाळेत बसवून ठेवणारं असं घरच्यांच्या इच्छेशिवाय फारसं काही उरत नाही. मी कौतुक छापलं, तर वेचणीला जाऊनही सगळं जमतं, असा त्याचा अर्थ दुसऱ्या एखाद्या घरात लागेल, आणि तिथली मुलगी कदाचित परत येणार नाही. नाही छापलं, तर ती मागची कोरी बाजू तिच्या नावाची राहील. तिच्या कष्टांचा अभिमान मला वाटतो. ते कष्ट या वयात तिच्या वाट्याला यावेत हे मला पटत नाही. एका ओळीत या दोन गोष्टी शेजारी कशा ठेवायच्या, ते मला साधलेलं नाही.

तिलाच विचारावं असंही मनात येतं. ती ‘लिहा ना सर’ म्हणेल, कारण आमच्या वर्गात मुली सरांना नाही म्हणत नाहीत. तेवढ्यावरून तिचा होकार धरायचा का, हे आता मला आधीपेक्षाही कमी कळतं.