आईच्या चेहऱ्यावरची धूळ

"सर, फोटोवर धूळ फार बसलीय. साफ करून घेतो," असे म्हणत त्या मुलाने पडद्यावरच्या माझ्या आईच्या गालावर माऊस फिरवायला सुरुवात केली, आणि मी जवळजवळ ओरडलोच, "अरे, थांब!"

नगरला चितळे रस्त्यालगतच्या एका बोळात त्याचे दुकान आहे. (नगर म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, पण जन्मापासून जिभेला लागलेले वळण राजपत्र वाचून थोडेच सुटते!) लाकडाची पाटी, स्टीलचा तांब्या, पेनाची डबी, किल्ल्यांचा जुडगा; तुम्ही म्हणाल त्या वस्तूवर तो तुमचा फोटो कोरून देतो. आमचे काम काळ्या ग्रॅनाइटचे होते. आईच्या वर्षश्राद्धानिमित्त पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेला पाण्याची टाकी बांधून द्यायची आणि तिच्यावर फरशी बसवायची, असे आम्हा भावंडांचे ठरले होते. खाली नाव आणि तारखा, वर आईचा चेहरा.

पण चेहरा आणायचा कुठून? कॅमेरा दिसला की आईला हटकून गॅसवरचे दूध आठवायचे. पुढे घरोघरी मोबाइल आले, तरी नातवंडाने फोन उगारला की हिचा पदर तोंडाशी! आधार कार्डावरचा फोटो आहे म्हणा. पण त्यावरून तिला पोटच्या पोरांनीही ओळखले नसते. तिच्या स्वतःच्या लग्नातला एक आहे, तो विशीतला. शेवटी १९९६ सालचा, ताईच्या लग्नातला एक फोटो हाती लागला. आई ताईला हळद लावते आहे, खिडकीतला उजेड एका बाजूने तोंडावर पडला आहे, आणि फोटो निघतो आहे याचा पत्ता नसल्यामुळे ती मोकळेपणी हसते आहे.

त्या मुलाला जी धूळ वाटली ते देवीचे व्रण होते. आईला पाचव्या वर्षी देवी आल्या. डोळे वाचले, हे आजीच्या मते नवसाचे फळ. व्रण मात्र जन्माचे राहिले. दुकानातला मुलगा चोवीस-पंचवीस वर्षांचा. भारतात देवीचा शेवटचा रोगी सापडला तो १९७५ साली, आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. असा चेहरा त्या पोराने पाहावा कुठे? देवीचे व्रण पाहून धूळ वाटावी असे तरुण आपल्याकडे वावरतात, ही केवढी आनंदाची गोष्ट! पण हा विचार मला घरी आल्यावर सुचला. तेव्हा मला त्याचा रागच आला होता.

पोरगा गुणी होता. त्याने मला स्टूल दिले, चहा मागवला आणि आपली विद्या समजावून सांगितली. लाकडावर लेसरचा किरण पडला की लाकूड जळते, काळे होते. ग्रॅनाइटचे अगदी उलटे. तिथे किरणाने झिलई उडते आणि करडा-पांढरा ठिपका उमटतो. म्हणजे दगडावर कोरायचा तो उजेड. अंधार दगडाचा स्वतःचाच असतो. म्हणून एकच फोटो दोन्हींना चालत नाही. त्याने फोटोतली मागची भिंत पुसली, मावशीचा अर्धा खांदा पुसला. आईचे काळे केस दगडाच्या काळ्यात बुडाले आणि चेहरा मुखवट्यासारखा तरंगू लागला, तेव्हा केसांच्या कडेने त्याने उजेडाची बारीक रेघ दिली. आई पुन्हा माणसात आली.

"सर, दगडाला करडा रंग कळत नाही," तो म्हणाला. "ठिपका आहे किंवा नाही, एवढंच. ठिपके दाट तिथं उजेड, विरळ तिथं सावली."

हे मला नवे नव्हते. जुन्या छापखान्यांतले हाफटोन ब्लॉक असेच असत. जाळीच्या काचेतून फोटो घेऊन त्याचे ठिपके करायचे आणि तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर ते रसायनाने खोदायचे. मराठीत १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. पुढे कित्येक दशके दिवाळी अंकांतून भेटलेले लेखक-नट आपण अशा ठिपक्यांतूनच पाहिले. जुना अंक घरात असेल तर भिंग लावून पाहा. नाक-डोळे पसार होतात, नुसती रांगोळी उरते.

पण या ठिपक्यांच्या राज्यात व्रणाची पंचाईत होते. त्याच्या खळग्यातली सावली म्हणजे ठिपके नसलेली बारीक जागा. पाहणाऱ्याला वाटणार, इथे यंत्र चुकले. मुलाचे म्हणणे धंद्याच्या दृष्टीने बरोबरच होते. तरी मी अडून बसलो. गुळगुळीत गालांची ती बाई माझी आई नव्हती. कॉलेजात मी मुलांना शिकवतो की चरित्रनायकाचे दोष झाकणारा चरित्रकार खोटा. मग स्वतःच्या आईच्या बाबतीत मीच रंगसफेदी करू?

मी सावेडीला ताईला फोन लावला. तिने सगळे ऐकून घेतले.

"ते व्रण आईला कधी आवडले होते का रे?" ती म्हणाली. "तिच्या लग्नाचा फोटो आठव. स्टुडिओवाल्यानं गाल कसे साफ करून दिले होते! ट्रंकेत तळाशी, शालूच्या घडीत ठेवला होता तिनं. मला एकटीला दाखवायची. जन्मभर तोंड लपवलं बिचारीनं, आणि तू ते आता दगडावर कोरणार? तुझ्या खरेपणासाठी?"

त्या काळचे स्टुडिओवाले निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून व्रण आणि सुरकुत्या बुजवीत. लग्नातला तो फोटो मला कधीच आईसारखा वाटला नव्हता. तो तिला आवडत असेल, हे मात्र माझ्या ध्यानातही आले नव्हते.

मी मुलाला म्हटले, "कर साफ."

तरी आधी एका टाकाऊ तुकड्यावर व्रणांसकट एक नमुना काढून घेतला, त्याचे वेगळे पैसे मोजले, आणि ताईला काही बोललो नाही. तो माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली असतो.

टाकीवर फरशी बसली. परवा गावी गेलो होतो. मधली सुट्टी झाली आणि पोरे नळावर तुटून पडली. कुणीतरी ओंजळभर पाणी फरशीवर उडवले आणि आई पाहता पाहता दिसेनाशी झाली; उरला नुसता काळा दगड. मी घाबरून तिथूनच दुकानात फोन केला.

"ओला दगड असाच दिसतो, सर," तो म्हणाला. "वाळला की येतील परत."

मी ओट्यावर बसून राहिलो. ऊन चांगले होते. आधी कपाळ आले, मग केसांच्या कडेची ती रेघ.